आजीबाईंना लिहिलेली पत्रं

गागोदे बुद्रुक हे पेण तालुक्यातलं छोटं गाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म इथे झाला. पुढे जगानं त्यांना विनोबा म्हणून ओळखलं. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा विनोबांच्या जयंतीला मी वर्गातल्या मुलांना घेऊन तिथे जायचे. सप्टेंबरात भात पोटरीला आलेलं असतं, डोंगराच्या अंगानं पाणी वाहत असतं. मुलं विनोबांच्या जन्मघरी बसून गीताईतले श्लोक म्हणायची. मी ख्रिस्ती आहे. एका वर्षी मुलांनीच आग्रह केला, बाई, तुमच्या पुस्तकातलंही काही वाचा. मी पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय वाचला. तो सगळा प्रीतीविषयी आहे.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमक्ष मला उभं केलं. “बाई, तुमची साक्ष बिघडली. हार घातलेल्या तसबिरीपुढे बसून तुम्ही देवाचं वचन वाचलंत. ही जगाशी तडजोड आहे. तुम्हाला तुमच्या शिक्षणाचा गर्व झालाय. प्रार्थना करा.” कोणी काही बोललं नाही. चहा आला, लोक आपापल्या घरी गेले.

मराठी ख्रिस्ती माणसाला टीका नवी नसते. ‘बाटगे’ हा शब्द आमच्या आज्या-पणज्यांनी ऐकला, आमच्यातल्या अनेकांनी शाळेच्या आवारात ऐकला. बाहेरून आलेला घाव कसा सोसायचा हे आम्हाला घरातच शिकवलं जातं. घरातल्या माणसानं, एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेणाऱ्या भावा-बहिणीनं केलेली टीका कशी घ्यायची, हे मात्र फारसं कोणी शिकवत नाही. बाहेरचा माणूस तुम्हाला फक्त चूक म्हणतो. आपला माणूस देवाचं नाव घेऊन चूक म्हणतो. त्या नावामुळे शब्दांचं वजन शंभरपट होतं आणि उत्तर देण्याची सोय उरत नाही.

गर्वाचा आरोप तर आणखी अवघड. चोरीचा आरोप पुराव्यानं खोडता येतो. गर्वाचा आरोप खोडायला गेलं की खोडणं हाच गर्वाचा पुरावा ठरतो. गप्प बसलं तर आरोप मान्य केल्यासारखं होतं. या कोंडीतून बाहेर पडायची वाट मला ज्या बाईनं दाखवली तिचं नाव पंडिता रमाबाई. हा प्रश्न फक्त ख्रिस्ती वाचकांचा आहे असंही मला वाटत नाही. ज्या घरात, ज्या पंथात, ज्या संस्थेत माणसं एका श्रद्धेनं एकत्र येतात, तिथे हे घडतंच.

वाँटेजचा मठ आणि अंड्याचं पुडिंग

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी देश फिरत कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, मुलगी मनोरमा, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना, आणि १८८३ मध्ये इंग्लंड. वाँटेज या गावी अँग्लिकन जोगिणींचा मठ होता. पुण्यात पंच हौद इथेही त्यांचं काम होतं. त्यांच्याकडे राहून रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. धर्मशिक्षणाच्या बाबतीत त्यांच्या मार्गदर्शक होत्या सिस्टर जेराल्डिन. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

स्वदेशात हिंदू समाज त्यांच्यावर तुटून पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी नव्या धर्मातली त्यांचीच माणसं त्यांना काय लिहीत होती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

रमाबाई शाकाहारी होत्या आणि बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत. आजीबाईंना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. मठानं दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत हे रमाबाईंना पटलं नाही. संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. त्यातही गर्व दिसला. त्रैक्याच्या सिद्धान्तावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एक देव या शिकवणुकीवर, त्यांनी प्रश्न विचारले. अँग्लिकन मंडळीचे नियम डोळे मिटून मानायला नकार दिला. हे सगळं आजीबाईंच्या लेखी अहंकार आणि हट्ट होतं.

पुढे रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे शिकता शिकता त्या शिकवतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला. तेव्हा मुंबई आणि लाहोर इथल्या अँग्लिकन बिशपांचा विरोध आडवा आला: हिंदी ख्रिस्ती विधवेनं पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात तिची पत जाईल. कलकत्त्यात शास्त्र्यांच्या सभेत बोललेल्या, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिलेल्या बाईला हे सांगितलं जात होतं.

रमाबाईंनी काय केलं? त्यांनी उत्तर लिहिलं. १८८५च्या मे महिन्यातलं त्यांचं पत्र आजही वाचताना अंगावर काटा येतो. त्या म्हणतात, भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली आहे. आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही. मला सदसद्विवेक आहे, आणि तो मला देवानं दिला आहे. अन्नाच्या बाबतीत त्यांनी कळवलं की याला तुम्हाला गर्व म्हणायचं असेल तर म्हणा, मी माझी रीत सोडणार नाही.

या उत्तरात मला माझ्या कोंडीची उकल सापडली. ‘मी गर्विष्ठ नाही’ हे सिद्ध करत बसायला त्यांनी नकार दिला. माझ्या मनात गर्व आहे की नाही, हे देव पाहील. काय खायचं, कोणाला शिकवायचं, कशावर विश्वास ठेवायचा, यावर मात्र आपण बोलू. स्वभावावरचा ठपका एका बाजूला ठेवून मुद्दा हातात घ्यायचा, ही त्यांची रीत. टीका करणाऱ्यालाही त्यामुळे मुद्द्यावर यावं लागतं.

रोमच्या मंडळीतलं ताट

पुडिंगवरून धर्म बुडतो का, असं कोणाला वाटेल. पण ख्रिस्ती मंडळीतलं ताटावरचं भांडण मंडळीइतकंच जुनं आहे. पहिल्या शतकात रोममध्ये काही विश्वासी सगळं खात, काही फक्त भाजीपाला. मूर्तीला वाहिलेलं मांस बाजारात विकलं जाई. ते खाल्लं तर चालेल का, हा तेव्हाचा धगधगता प्रश्न होता. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात त्याचा निवाडा आहे. सगळं खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. दोघांनाही देवानं पदरात घेतलं आहे, आणि दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारे आपण कोण?

गर्वाला दोन तोंडं असतात, हे पौलानं इथे नेमकं पकडलं आहे. एक गर्व मोकळ्या माणसाचा: मी जुन्या बंधनांतून सुटलो, तू अजून अडकलेलाच. दुसरा गर्व कडक माणसाचा: मी नियम पाळतो, तू घसरलास. एक तुच्छ लेखतो, दुसरा न्याय करतो. आपल्याकडे पहिल्या गर्वाला पुरोगामीपणा आणि दुसऱ्याला निष्ठा अशी भारदस्त नावं मिळतात. वाँटेजच्या मठात आजीबाई या खाणाऱ्या पक्षाच्या होत्या आणि रमाबाई न खाणाऱ्या. आजीबाईंनी रमाबाईंना जुन्यात अडकलेली ठरवलं. गागोद्याच्या प्रकरणात माझ्याबाबतीत उलट झालं. मोकळेपणाचा ठपका माझ्यावर आला आणि नियम माझ्यावर टीका करणाऱ्याच्या हातात होता. बाजू बदलतात. म्हणून टीका कानावर आली की मी आधी तपासते, हा गर्व या दोनांपैकी कुठला, आणि त्याला उत्तर देताना माझ्या मनात उरलेला दुसरा जागा होतोय का?

हे केवळ ख्रिस्ती माणसांचं दुखणं नाही, हे पुण्याच्या इतिहासानंही दाखवलं आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये त्याच पंच हौद मिशनमध्ये पुण्यातली मोठमोठी मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. उपस्थितांची नावं छापून आली, ग्रामण्य म्हणजे जातीतला बहिष्काराचा वाद झाला, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एकाच धर्मातल्या माणसांनी एकमेकांना एका कपावरून दोषी ठरवलं.

चेल्टनहॅमच्या बाई

टीका करणाऱ्या सगळ्यांना एका ओळीत उभं करणं अन्यायाचं होईल. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील याही निष्ठावान अँग्लिकन होत्या. रमाबाईंचे प्रश्न त्यांनाही अडचणीचे वाटत. पण त्यांनी ते प्रश्न म्हणूनच घेतले. त्या स्वतः शंकांच्या काळातून गेल्या होत्या. रमाबाईंना त्यांनी लांबलचक, धीराची पत्रं लिहिली, त्यांच्या युक्तिवादाला युक्तिवादानं उत्तर दिलं, आणि आजीबाईंना सुचवलं की या बाईवर सक्ती करून उपयोग नाही, तिला विचार करू द्या.

दोघींचा हेतू एकच होता: रमाबाईंची श्रद्धा टिकावी. एकीनं शंकेकडे पाप म्हणून पाहिलं, दुसरीनं शोध म्हणून. मी शिक्षिका असल्यामुळे मला बीलबाईंची रीत अधिक जवळची वाटते. विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला की तो उद्धट आहे का हे पाहण्यात वेळ घालवणारा शिक्षक त्याला काही शिकवू शकत नाही.

आणि तरीही, आजीबाईंच्या टीकेत सत्याचा अंश नव्हता असं मी म्हणणार नाही. रमाबाईंची १९०७ची ‘माझी साक्ष’ वाचा. त्यात त्या सांगतात की सुरुवातीला त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला पटलं होतं, अंतःकरण रितं होतं. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना ती उणीव जाणवली. त्यांच्या श्रद्धेत काहीतरी कमी आहे, हे आजीबाईंनी ओळखलं होतं. निदान मात्र चुकलं. उणीव आज्ञापालनाची नव्हती, म्हणून आज्ञेनं ती भरली नाही. टीकेतलं खरं रमाबाईंनी दबावाखाली स्वीकारलं नाही. वेळ आल्यावर आपण होऊन, जगासमोर लिहून स्वीकारलं. ज्याला आपल्या विवेकाचा मान राखता येतो, त्यालाच आपली उणीव इतक्या मोकळेपणानं सांगता येते.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत मुलींसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. वर्गात धर्म शिकवायचा नाही हा तिथला नियम होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि ज्या मुलीला यावंसं वाटे ती येई. हिंदू सल्लागारांना हे फार झालं. १८९३ मध्ये त्यांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेलं. त्याच संस्थेबद्दल मिशनऱ्यांची तक्रार होती की ख्रिस्ती बाईची शाळा असून तिथे ख्रिस्ताचा उपदेश होत नाही. दोन्हीकडून मार बसत असताना रमाबाईंनी दुष्काळग्रस्त मुलींना गाडीत घालून आणलं आणि केडगावला मुक्ती सदन उभारलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे २०००च्या आसपास स्त्रिया आणि मुलं राहत होती. १९०५ मध्ये मुक्तीत आत्मिक जागृती झाली. मुली मोठ्यानं रडत, एकाच वेळी प्रार्थना करत. काही ख्रिस्ती पुढाऱ्यांना तो गोंधळ वाटला. रमाबाईंचं उत्तर शांत होतं: भारतीय माणसाच्या अंतःकरणात देव काम करत असेल तर ते भारतीय माणसाच्या स्वभावाला धरूनच प्रकट होईल, पाश्चात्त्य शिस्तीच्या मापानं ते मोजू नका. १९२२ साली त्या गेल्या, तोपर्यंत हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं होतं. टीकाकारांना दिलेल्या उत्तरांपेक्षा हे काम मोठं आहे, आणि तेच त्यांचं खरं उत्तर आहे.

भिंत आणि दार

आता पुन्हा विनोबांकडे येते, कारण पेण-रोह्याकडच्या ख्रिस्ती माणसाला हा धडा शिकायला वाँटेजपर्यंत जायची गरज नाही. विनोबांनी नवा करार बारकाईनं वाचला होता आणि ‘ख्रिस्तधर्मसार’ या नावानं त्यातल्या वचनांचं संकलन केलं. ते आईची एक आठवण सांगत. एकदा एक धडधाकट भिकारी दारी आला आणि आईनं त्याला भिक्षा घातली. विन्याला ते पटलं नाही. अशानं आळस वाढतो, दान पात्र माणसाला द्यावं, असं तो म्हणाला. आईनं, रुक्मिणीबाईंनी, त्याला समजावलं की पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवणारे आपण कोण; दारी येईल तो देव. रोमकरांना पौलानं विचारलेला प्रश्न हाच.

माणसाकडे कसं पाहावं याबद्दल विनोबांचा एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक माणसात दोष असतात, त्या घराच्या भिंती. आणि गुण असतात, ती दारं. घरात जायचं असेल तर दारातून जावं, भिंतीवर डोकं आपटून कोणी आत जात नाही. अगदी दरिद्री झोपडीलाही एक दार असतंच.

विनोबांना स्वधर्मीयांची टीका फक्त शब्दांत सोसावी लागली नाही. १९५३ मध्ये बिहारात देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात ते दलित बांधवांना घेऊन जाऊ लागले तेव्हा पंड्यांनी त्यांना मारहाण केली. मार खाऊनही, मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असंच ते म्हणाले. केरळात गुरुवायूरला त्यांच्यासोबत ख्रिस्ती सोबती होते. त्यांना प्रवेश नाही म्हटल्यावर विनोबा दारातूनच परतले. १९५८ मध्ये पंढरपुरात मात्र विठोबाचं दर्शन त्यांनी मुसलमान आणि ख्रिस्ती भगिनींना बरोबर घेऊन घेतलं. ते रागावून हिंदू धर्म सोडून गेले नाहीत आणि स्वतःचा आग्रहही सोडला नाही. आपली जागा सोडायची नाही आणि समोरच्याचा द्वेषही करायचा नाही, हे दोन्ही एकत्र पेलता येतं याचा हा पुरावा आहे.

तसाच दुसरा पुरावा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९५ साली, म्हणजे विनोबांच्या जन्मवर्षीच, त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताची भक्ती अभंगात, भजनात, कीर्तनात आणावी हा त्यांचा ध्यास होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीनं राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सगळेच भक्त त्यात यावेत अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती मंडळीतल्या अनेकांना हे पाऊल धोक्याचं वाटलं. टिळकांनीही मिशनऱ्यांच्या साहेबीपणावर स्पष्ट लिहिलं. पण ‘ज्ञानोदय’मधून लिहिणं, मंडळ्यांमध्ये जाऊन गाणं त्यांनी थांबवलं नाही. १९१९ साली ते गेले. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी उपासनेत जा, त्यांचीच गीतं गायली जातात. त्यांच्या मार्गावर शंका घेणाऱ्यांची नातवंडंही तीच गातात.

एकांतात जा

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात ख्रिस्तानं भावाच्या अपराधाबद्दल क्रम घालून दिला आहे. आधी त्याच्याकडे एकट्यानं जा. त्यानं ऐकलं तर भाऊ मिळाला. न ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा चालवतो. आधी मंडळीत बोलतो, मग दोघा-चौघांत कुजबुजतो, आणि त्या माणसाच्या घरी कधीच जात नाही. ज्याच्यावर टीका झाली तोही तेच करतो.

म्हणून मी त्या गृहस्थांच्या घरी गेले. संध्याकाळची वेळ होती. काकूंनी पाणी दिलं. मी म्हटलं, “काका, माझ्या गर्वाचं देवावर सोपवू. तसबिरीचं बोलू.” बराच वेळ ते गप्प होते. मग बोलले ते तसबिरीबद्दल नव्हतं. त्यांच्या आज्याला गावच्या देवळाच्या पायरीवरून हाकललं होतं. पाणवठ्यावर हात लावू दिला नव्हता. मिशनच्या शाळेनं त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली. “ज्या दारातून आम्हाला हाकललं, तिकडे तुम्ही मुलांना हात धरून नेता, बाई. भीती वाटते.”

मी त्यांना देवघरची हकिकत सांगितली. तसबिरीतला माणूस तशाच पायरीवर, तुमच्या आज्यासारख्यांना आत नेताना मार खाल्लेला आहे, हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं ते म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी मी पुन्हा मुलांना गागोद्याला नेलं आणि त्यांना आधी घरी जाऊन सांगितलं. त्यांनी नापसंती पुन्हा बोलून दाखवली, पण या वेळी माझ्याशीच, उंबरठ्यावर. आम्ही आजही एकाच बाकावर बसतो.

त्या संध्याकाळनं मला शिकवलं की स्वकीयांच्या कडक शब्दांखाली पुष्कळदा गर्वापेक्षा भय जास्त असतं. मोठ्या किमतीला मिळालेली गोष्ट हातची जाईल हे भय. आजीबाईंनाही ते असणार. एवढी मोठी विदुषी मंडळीतून निसटेल, या धास्तीनं त्यांनी मूठ आवळली. भय ओळखलं की उत्तराचा सूर बदलतो. मुद्दा बदलावा लागत नाही.

पण एक स्पष्ट सांगायला हवं, विशेषतः आमच्या बायकांना आणि गरीब मंडळ्यांतल्या तरुणांना. सगळीच टीका गिळून टाकणं म्हणजे नम्रता नव्हे. कोणी सत्तेच्या जोरावर तुमचं तोंड बंद करत असेल, अन्यायाबद्दल बोललात म्हणून तुम्हाला गर्विष्ठ म्हणत असेल, जातीवरून मंडळीत मागच्या बाकावर बसवत असेल, तर तिथे गप्प राहण्याची आज्ञा बायबलमध्ये नाही. अंत्युखियात पेत्र परजातीय विश्वासी लोकांच्या पंक्तीतून उठून गेला तेव्हा पौलानं त्याला सर्वांसमक्ष खडसावलं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे. पेत्र ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांपैकी होता, तरी पौल थांबला नाही, कारण पेत्राच्या वागण्यानं दुबळ्यांचा अपमान होत होता. दुखावला गेला तो मी एकटाच असेन तर एकांतात जावं. दुबळ्याची पंगत मोडली जात असेल तर चारचौघांत बोलावं. हा फरक ज्याला कळला त्याला नम्रता आणि धैर्य यांत निवड करावी लागत नाही.

टीका झाली की मी आता स्वतःला विचारते: यात मुद्दा कोणता आणि ठपका कोणता? मुद्द्यात खरं किती? बोलणाऱ्याला भय कशाचं आहे? आणि मी त्याच्या घरी गेले का? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मी उलट शब्द काढत नाही. मिळाल्यावर जे बोलायचं ते स्पष्ट बोलते.

मतभेदांतूनही एकत्र राहता येतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच भूमीवर घडलं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की मोठेपणी, बिशप असावेत की नसावेत, यावरून ज्यांच्या पूर्वजांनी परस्परांना चूक ठरवलं होतं, ते एका मेजाशी आले. त्यासाठी बोलणी वर्षानुवर्षं चालली. कोणी बोलणं सोडलं नाही म्हणून ते झालं.

रमाबाईंनीही बोलणं सोडलं नाही. कडाक्याचे वाद चालले असतानाही त्यांची पत्रं ‘प्रिय आजीबाई’ अशीच सुरू होतात, आणि हा पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षं चालला. ही सगळी पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात ती कोणामुळे? सिस्टर जेराल्डिन यांच्यामुळे. स्वतःला खडसावणारी, स्वतःचा अधिकार नाकारणारी रमाबाईंची पत्रं त्यांनी फाडली नाहीत. जपली, लावली, संग्रह केला. अ. भि. शहा यांनी तो संपादित केला आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला. ‘प्रिय’ हा शब्द न सोडणाऱ्या एकीनं आणि पत्रं न फाडणाऱ्या दुसरीनं मिळून हा ठेवा आपल्या हाती दिला.

तुमच्या मंडळीत, देवळात, संस्थेत किंवा घरात कोणी आपल्या माणसानं देवाचं नाव घेऊन तुम्हाला बोल लावला असेल, तर हे वाचून झाल्यावर एवढं करा. त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोलू नका. त्याच्याकडे जा, एकटे जा. जाताना आपला विवेक घरी ठेवून जाऊ नका, आणि त्याचं दार कुठे आहे ते शोधल्याशिवाय परत येऊ नका.